दाढेत ठेवलेली कीड

आईच्या तोंडात भाकरी फोडायला एकच जोडी उरली होती. डावीकडची खालची एक दाढ आणि तिच्यावर बसणारी वरची एक. उजवीकडच्या दाढा तिशीच्या आतच निघाल्या होत्या. दुखली की काढायची, आमच्या चाळीत दातांवर दुसरा इलाजच नव्हता. काढणारेही तयार बसलेले असायचे. कुणी विचारायचं नाही की ही बाई उद्या काय चावणार. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष होतं ते. आई अडतीस वर्षांची होती आणि खालची ती दाढ किडली होती.

आई मंगळवेढ्याकडची. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा, असं तिचं दोन्ही वेळचं जेवण. ती दाढ गेली असती तर भाकरी दुधात नाहीतर आमटीत भिजवून गिळावी लागली असती, तीही चाळिशीच्या आत. ती याबद्दल बोलत नसे. फक्त घास तोंडात घेतला की मान जरा डावीकडे कलायची आणि मधेच थांबायची.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे कापडाच्या मागावर, आणि युनियनचे कार्यकर्ते. घरात बाजेखाली पत्रकांचे गठ्ठे असत. शाळेत घालण्याआधीच मी त्या पत्रकांवरून अक्षरं लावायला शिकले होते. ‘कामगार बंधूंनो’ हे मी पाटीवर काढलेले पहिले शब्द. त्यामुळे अन्याय दिसला की तो कुणाला तरी सांगण्याआधी मी त्याचा मथळाच शोधायची. याचा मला अभिमान होता आणि आजही त्याची पूर्ण लाज वाटत नाही.

सोलापुरात सात रस्त्याजवळ सायकलच्या दुकानाच्या माडीवर एक दातांचे डॉक्टर बसत. वय पन्नाशीच्या पुढचं. बाकावर उर्दू वर्तमानपत्र पडलेलं, भिंतीवर एक कॅलेंडर, आणि खोलीभर लवंगेच्या तेलाचा वास. दाढ कोरायचं यंत्र शिलाईच्या मशीनसारखं पायानं चालवायचं होतं. ते शक्यतो दाढ काढत नाहीत असं मी कॉलेजात ऐकलं होतं, म्हणून आईला घेऊन गेले.

डॉक्टरांनी आईला खुर्चीत बसवलं. “गार पाणी लागलं की कळ येते?”

“येती की. डोस्क्यापतूर जाती.”

“आणि दुखण्यानं झोप मोडते?”

“न्हाय. झोप लागती. कामानं मोडलेलं अंग आसतंय, दाढ काय मोडनार झोप.”

डॉक्टर हसले. “झोप मोडत नाही म्हणजे आतली नस अजून शाबूत आहे.” मग त्यांनी विचारलं, “मिश्री लावता?”

“लावते. आमच्या कारखान्यात समद्या बाया लावत्यात.” आई बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि सकाळी सगळ्यांआधी बोटावर मिश्री.

“ती वाईट आहे हे तुम्हाला माहीत आहे. पण आज एकाच गोष्टीवर भांडू. तोंड उघडा.”

पायानं यंत्र फिरवत त्यांनी दाढेचं तोंड मोठं केलं. मग यंत्र बाजूला सारून एक छोटा चमचा घेतला, मुगाच्या डाळीएवढ्या टोकाचा, आणि हातानं कीड खरवडायला लागले. ओलसर, पिवळट लगदा निघत होता. कडेकडेनं त्यांनी दाढ अगदी लख्ख केली. मधे खोलात आले तसा त्यांचा हात हळू झाला, आणि थांबला. मी वाकून बघितलं. खड्ड्याच्या तळाशी अजून तपकिरी थर होता, भिजलेल्या चामड्यासारखा.

“अजून आहे की तिथं,” मी म्हणाले.

“आहे.”

“मग काढा ना.”

“काढली तर खाली नस आहे. नस उघडी पडली की माझ्याकडे एकच हत्यार उरतं, पक्कड. म्हणून ती राहू दे.”

“कीड ठेवूनच वर भरणार तुम्ही?”

“हो.”

त्यांनी तपकिरी बाटलीतून पांढरी भुकटी काचेवर घेतली, थेंबभर पाणी घालून कालवली आणि त्या मऊ थरावर हलकेच पसरली. आईनं डोळे तिरके करून काच बघितली. त्यांनी हात तोंडातून काढताच तिनं विचारलं, “काय हो डाक्टरसाब ते पांढरं?”

“चुना.”

“पानाला लावत्यात त्यो?”

“त्याच जातीचा, पण शुद्ध केलेला. बाटलीतला.”

मग लवंगेच्या तेलात मळलेला दुसरा मसाला त्यावर दाबून त्यांनी दाढ बंद केली. हात पुसत ते म्हणाले, “तीन महिन्यांनी या. दुखलं तर लगेच या. आणि दुखलं नाही तर नक्की या.”

मला हे सगळं उघड फसवणूक वाटलं. पैसेवाल्याच्या दाढेत त्यांनी कीड ठेवली असती का, हा प्रश्न मी जिना उतरतानाच मनात लिहून टाकला होता. घरी येऊन चार बंद कागद भरून मजकूर केला. मथळा होता, ‘गरिबाच्या दाढेत कीड ठेवणारा डॉक्टर’. संध्याकाळी वडील पाळीवरून आल्यावर त्यांना आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवला.

वडिलांनी शेवटपर्यंत ऐकलं. “भाषा चांगली जमली. पण त्यानं कीड ठेवली ती का ठेवली, हे यात कुठं आहे?”

“गरीब म्हणून. आणखी कशाला?”

“हे तुला त्यानं सांगितलं?”

“हे कोण सांगेल?”

आई बिड्या बांधायच्या दोऱ्याची गुंडी सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, “दाढ कुनाची हाय?”

“तुझी.”

“मग माझ्या दाढंवर पत्रक काढायचं का न्हाय ते मी सांगंन. तीन म्हैने तोंड मिटून बस.”

वडील हसले. “झालं. मालकांनी काम बंद ठेवलं.”

पत्रक थांबलं. तोंड काही थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी चाळीच्या नळावर मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की सात रस्त्याच्या डॉक्टरनं आईच्या दाढेत कीड तशीच ठेवली, वर पानाचा चुना भरला आणि पाठवून दिलं. मला त्यातून त्या माणसाची लायकी दाखवायची होती. पण पुढे बायकांनी त्यातून घेतलं ते वेगळंच. कारण पंधरा दिवसांत आई नळाचं गार पाणी बिनदिक्कत प्यायला लागली होती, आणि हे शेजारची अक्का रोज बघत होती.

अक्का आमच्या भिंतीपलीकडे राहायची. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. आईबरोबर त्याच कारखान्यात बिड्या वळायची. तिचीही एक दाढ महिनाभर ठणकत होती. एका सकाळी ती पदरानं गाल धरून दारात उभी राहिली. तोंड नीट उघडत नव्हतं. आईनं तिला उजेडात नेऊन बघितलं. हिरडी आणि गालाची आतली बाजू पांढरी पडून सोलवटली होती.

“काय केलंस ग हे?” आईनं विचारलं.

अक्कानं कनवटीची पानाची डबी काढून दाखवली. “हेच भरले की दाढेत. तुमच्या पोरीनं सांगितलं ना नळावर.”

आईनं माझ्याकडे बघितलं. कारखान्याची वेळ झाली होती, तरी सूप भिंतीला टेकवून म्हणाली, “हिला घिऊन तूच जा. आत्ता.”

सबंध वाटेत मी अक्काच्या शेजारून चालत होते. डॉक्टरांनी तिचं तोंड पुन्हा पुन्हा धुतलं, दाढेच्या खड्ड्यातला चुना टोकदार हत्यारानं कणाकणानं काढला, भाजलेल्या जागी औषध लावलं. मग विचारलं, “हे कुणी सांगितलं?”

अक्कानं हनुवटीनं मला दाखवलं. “ही. कालेजात शिकते.”

आता ते मला झाडतील म्हणून मी तयार झाले. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “बेटी, तू काय सांगितलं होतंस?”

मी सांगितलं. शब्द न बदलता सांगितलं, पत्रकाचंही सांगितलं. ते ऐकत हात धूत होते. मग कपाटातून एक पत्र्याचा ट्रे काढून माझ्यापुढे ठेवला. ट्रेमध्ये अर्धे कापलेले दात होते. प्रत्येक अर्धुक मेणात बसवलेलं, शेजारी कागदाची चिठ्ठी.

ज्या दाढा कधी ना कधी त्यांना काढाव्याच लागल्या, हिरडी सुटली म्हणून किंवा पडून मार लागला म्हणून, आणि ज्यांत त्यांनी स्वतःच पूर्वी काही भरलेलं होतं, त्या ते माणसाला विचारून ठेवून घेत. नळाखाली वस्ताऱ्याच्या दगडावर घासून त्या अर्ध्या करत. एक दाढ घासायला दोन-दोन संध्याकाळी जात. कशासाठी? तर भरलेल्या मसाल्याखाली दाढेचं पुढे काय झालं हे बघायला. सोलापुरात, सायकलच्या दुकानाच्या माडीवर, कुणी सांगितलं नसताना.

त्यांनी माझ्या हातात सुई दिली. “हा दात नुसत्या सिमेंटनं भरला होता. खाली टोच.” खडूत रुतावी तशी सुई थोडी रुतली. “आता हा. लवंगेच्या मसाल्याखालचा.” ही जागा तपकिरी होती आणि जास्त घट्ट. “ह्यात वर चांदी आहे, खाली काहीच घातलं नव्हतं. काळा रंग आत उतरलाय, बघ. कुठं कडक, कुठं नाही. आणि हा चुन्याखालचा.” तिथं सुई घसरली. आत गेलीच नाही.

“तुझे वडील काय करतात?”

“गिरणीत आहेत. साच्यावर.”

“मग तुला लवकर कळेल. दात म्हणजे दगड नव्हे. आत चिवट धाग्यांची जाळी असते आणि त्या जाळीत क्षार भरलेले असतात, म्हणून तो कडक. किडीच्या आंबटानं आधी क्षार विरघळतात. आडवा बाणा निघून जातो, उभा ताणा तेवढा राहतो. तुझ्या आईच्या दाढेत मी ठेवलं ते हे. वरचं, जिथं ताणाही कुजला होता, ते सगळं मी खरवडून टाकलं. खालच्या ताण्यात परत भरणा होऊ शकतो. कीड कोंडली की तिला खायला मिळत नाही. चुना आंबट मारतो, आणि आतली नस चेतवतो. मग नसच आतून क्षार पाठवते. मी काही करत नाही. मी फक्त दार बंद करतो.”

“पण चुना तर हाच,” मी अक्काच्या डबीकडे बोट केलं.

“उघड्या दाढेत, ओल्या हिरडीवर, कच्चा चुना चिमूटभर भरला तर भाजतो. मी घालतो तो राईएवढा, नेमक्या जागी, आणि वरून झाकतो. त्यात कसलं गुपित नाही. काम आहे.”

“दरवेळी कडक होतं?”

“नाही,” ते म्हणाले. “आणि किती क्षार परत आले ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. सुई आहे. सुई सांगते तेवढंच मी सांगतो.”

हे वाक्य मला आयुष्यभर पुरेल असं वाटतं. मी तोपर्यंत मोठमोठी माणसं व्यासपीठावरून बोलताना ऐकली होती. आपल्याला किती माहीत नाही हे त्यांच्यातल्या एकानंही सांगितलं नव्हतं. घरी येऊन मी ते चार बंद चुलीत घातले. डॉक्टर चांगले निघाले म्हणून नव्हे. मला ठाऊक नसलेली गोष्ट मी ठणकावून लिहिली होती, आणि त्यातलं निम्मं नुसतं बोलल्यानं अक्काचा गाल भाजला होता. अक्का आठवडाभर पेजेवर होती. ती पेज मी करून दिली. ती प्यायची आणि म्हणायची, “मीठ कमी आहे, कालेजवाली.”

आईचे तीन महिने भरले आणि खरी लढाई तेव्हा लागली. तिची दाढ दुखत नव्हती.

“दुखत न्हाय तर कशाला उकरायची?”

“आत कडक झालं का ते बघायला. नसेल झालं तर कीड पुन्हा आत जाईल, नस जाईल, दाढ जाईल.”

“तूच म्हनत हुतीस, कीड ठिवली, लबाड हाय. आता तूच म्हनतीस चल. तुझं एक कायतरी खरं धरायचं का न्हाय आमी?”

“आताचं धर.”

“म्हैन्यानं बघू.”

तिचं चुकत नव्हतं. एक दिवस दवाखान्यात गेला की तेवढ्या बिड्या कमी, आणि दुखणं नसताना दवाखान्यात जाणं हे आमच्या चाळीत चैनीतच मोजलं जायचं. डॉक्टरांची माणसं हरवायची ती इथंच. औषध लागू पडलं की माणूस परत येत नाही, आणि तात्पुरता मसाला झिजून दाढ पुन्हा उघडी पडते. मग येतो तो पक्कड लागेल तेव्हाच. वडिलांनीही सांगून पाहिलं. शेवटी एका सकाळी कारखान्यात पानंच आली नाहीत, बायका तशाच परत फिरल्या, आणि आई दारातूनच म्हणाली, “चल, आज मोकळी हाय. तुझ्या डाक्टरला दाखवू.”

डॉक्टरांनी वरचा मसाला काढला. चुना धुऊन टाकला. कापसानं कोरडं केलं, आणि मला वाकून बघायला सांगितलं. तळ आता गडद तपकिरी होता, कोरडा. भिजलेल्या चामड्याची ती कळा गेली होती. त्यांनी सुई टेकवली आणि ओढली. खरखर असा बारीक आवाज आला, खापरीवर खिळा ओढावा तसा. आईलाही तो हाडातून ऐकू गेला असणार, कारण तिच्या भुवया वर गेल्या.

मग सुई आतल्या कोपऱ्याकडे सरकली आणि आवाज बंद झाला. त्यांनी पुन्हा टेकवली. तिथं ती रुतत होती.

“एवढा कोपरा अजून मऊ आहे,” ते म्हणाले. ते आईशी बोलत होते, माझ्याशी नाही. “नसेच्या अगदी जवळ आहे. बाई, दोन वाटा आहेत. आज खरवडतो आणि कायमची चांदी भरतो. त्यात नस उघडी पडली तर दाढ काढावी लागेल. नाहीतर पुन्हा चुना ठेवतो, पुन्हा तीन महिने. तुम्हाला परत यावं लागेल.”

आईनं तोंड उघडंच ठेवून माझ्याकडे बघितलं. कापूस काढल्यावर म्हणाली, “काय ग? तुझं पत्रक काय म्हनतंय?”

“पत्रक नाही आता.”

“व्हय, चुलीत गेलं. तू काय म्हनतीस ते सांग.”

मला खरवडा म्हणायचं होतं. एकदाचं होऊन जाऊ दे. पुन्हा तीन महिने, पुन्हा तीच भांडणं, आणि ती आलीच नाही तर? सहा महिन्यांपूर्वी मी हेच ठणकावून सांगितलं असतं. मी म्हणाले, “मला माहीत नाही, आई.”

डॉक्टरांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

“ठिवा,” आई त्यांना म्हणाली. “इतकी भरली तर तेवढी बी भरंल. मी यीन.”

त्या वेळी मी तिच्या ‘यीन’वर विश्वास ठेवला नव्हता. उन्हाळा लागला. माझी परीक्षा होती, वडिलांच्या गिरणीत टाळेबंदीची भाषा सुरू झाली होती, मी पुन्हा पत्रकांच्या मागे लागले होते. आता लिहिताना वडिलांच्या आधी मीच स्वतःला विचारायची, हे तुला कुणी सांगितलं, तू कुठं टोचून बघितलंस. पत्रकं आखूड झाली. वडिलांच्या युनियनमधल्या एकानं तक्रारही केली की पोरीच्या लिहिण्यातली धार गेली. वडील म्हणाले, “धार आहे. फेस गेलाय.”

दाढेचा दिवस मी कॅलेंडरवर गोल करून ठेवला होता. त्या दुपारी पेपर देऊन धावत घरी आले, तर आई उंबऱ्याजवळ सूप घेऊन बसली होती आणि अक्का तिच्यासमोर.

“आवर, आई. दवाखाना बंद होईल.”

“जाऊन आले,” ती म्हणाली. तोंडाची डावी बाजू जपून बोलत होती.

“एकटी?”

“हिला नेली हुती संगट. हिची बी दाखवायची हुती.”

अक्कानं मान डोलावली. “माझ्या दाढेत पण ठेवले आता. शुद्ध केलेले. बाटलीतले.”

मी पायरीवरच बसले. “काय म्हणाले डॉक्टर?”

“म्हनाले काय न्हाय. आरसा दिला हातात, आन् ती सुई दिली. म्हनाले, बाई, तुमीच बघा. मनगाट धरलं माझं, कोपऱ्याला नेलं. मी टोचली.” आई बिडीचं पान वळता वळता थांबली. “जोरात टोचली. न्हाय गेली आत.”

“मग?”

“मग चांदी भरली. उद्यापतूर हिकडनं खायचं न्हाय म्हनाले.” तिनं बिडीला दोरा गुंडाळला आणि तोडला. “सांजच्याला भात लाव. भाकरी उद्याच्याला बघू.”